बोलणं स्वस्त, बिल महाग

'हॅलो' म्हटलं की इंटरनेट फोन त्या आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापं घेतो, त्यांचे आकडे करतो आणि साधारण २० मिलिसेकंदांची एकेक पुडी बांधून जाळ्यात सोडून देतो. सेकंदाला अशा ५० पुड्या. जुन्या जी.७११ पद्धतीनेही याला सेकंदाला शंभरच्या आतच किलोबिट लागतात. साधा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो. याच बळावर न्यू जर्सीच्या व्होनेज कंपनीने २००९ मध्ये महिना २४.९९ डॉलरमध्ये भारतासह साठहून अधिक देशांत हवं तितकं बोलायची सोय दिली. फोन कार्ड खरवडून मिनिटं मोजणाऱ्या तिकडच्या मराठी घरांना पुण्या-नाशिकच्या आईशी निवांत बोलता येऊ लागलं.

मग अमेरिकेत हे बिल चढतं कशाने?

पहिलं कारण ९११, म्हणजे तिथला आपत्कालीन क्रमांक. तांब्याच्या तारेचा फोन घराला बांधलेला असे, त्यामुळे एक्स्चेंजला पत्ता ठाऊक. इंटरनेट फोनचा डबा मात्र बॅगेत घालून कुठेही नेता येतो. फेब्रुवारी २००५ मध्ये ह्यूस्टनमधल्या एका घरात दरोडेखोर शिरले, आईवडिलांना गोळ्या लागल्या. मुलीने इंटरनेट फोनवरून ९११ फिरवला, तर त्या फोनवर ही सेवा नसल्याची ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली. त्याच वर्षी जूनमध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कंपन्यांना १२० दिवसांत ही सोय करायला सांगितलं. तोवर फोनपाशी चिकटवायला इशाऱ्याचे स्टिकरही द्यायला लावले. या सोयीचा खर्च बिलात चढतो, पण तो रास्तच आहे. जीव वाचवणारा आहे.

बिलातला दुसरा आकडा जास्त बोचतो. ग्रामीण भागातल्या लाइनी, शाळा-ग्रंथालयांचं इंटरनेट, दवाखाने, गरिबांचे फोन यांसाठी तिथे 'युनिव्हर्सल सर्व्हिस फंड' आहे. २००६ मध्ये इंटरनेट फोनही त्यात आले. तेव्हा कंपन्यांच्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय उत्पन्नावरचा वर्गणीचा दर १० टक्क्यांच्या आसपास होता. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत तो ३६.६ टक्के झाला. वेगळा हिशेब न ठेवणाऱ्या कंपनीला बिलाचा ६४.९ टक्के भाग आंतरराज्य धरता येतो. म्हणजे त्या दराने २० डॉलरच्या बिलावर पावणेपाच डॉलर, आणि ते बहुधा ग्राहकाच्याच माथी.

जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा निधी वैध ठरवला. निधी हवाच. पण फोनचं उत्पन्न आटत चाललंय, गरजा तशाच आहेत, म्हणून उरलेल्यांवरचा दर फुगतो. ज्या ब्रॉडबँडवरून या आवाजाच्या पुड्या धावतात, त्याच्या उत्पन्नावर मात्र ही वर्गणी लागत नाही. ती तिथे लावायला हवी.