शेजारघर : व्हाइटचॅपलपासून नागपाड्यापर्यंत

शाळा किंवा काम सुटल्यापासून रात्रीचे दिवे मालवेपर्यंतचे जे चार-पाच तास असतात, त्या तासांत शहरातील तरुण मुलगा किंवा मुलगी कोठे असते, हा प्रश्न आईबापांना नेहमीच छळीत आला आहे. खेड्यात तो प्रश्न उद्भवत नाही, किंवा निदान निराळ्या रूपाने उद्भवतो. कारण तेथे अंगण असते, पार असतो, काका-मामांची नजर असते. शहरात घर दोन खोल्यांचे असते आणि रस्ता मात्र अफाट असतो. पोर्ट लुई, रोझ हिल, व्हाकोआ येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे समजावून सांगावयास नको.

या प्रश्नाला उत्तर म्हणून जगात ज्या संस्था निर्माण झाल्या, त्यांची एक वंशावळ आहे. ती लंडनपासून सुरू होते, शिकागोस जाते आणि तेथून मुंबईच्या नागपाड्यात येऊन पोचते. ज्या मुंबई बंदरातून आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा जहाजात चढले, त्याच मुंबईत ही वेल रुजली. म्हणून तिची हकीकत आपल्या वाचकांपुढे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

लंडन शहराच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल नावाची वस्ती आहे. १८७३ साली सॅम्युअल बार्नेट हे धर्मोपदेशक व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा तेथे राहावयास आले, तेव्हा ती वस्ती दारिद्र्य, दाटी आणि गुन्हे यांसाठी कुप्रसिद्ध होती. दानधर्म पुष्कळ होई. पण त्याने माणूस उभा राहत नाही, असे या दांपत्याच्या लवकरच ध्यानात आले. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी गरिबांकडे पैसे न पाठविता स्वतःच जाऊन त्यांच्या शेजारी बिऱ्हाड करावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. १८८४ सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी टॉयन्बी हॉल उघडला. तिशीतच निवर्तलेले अर्थशास्त्रज्ञ अर्नॉल्ड टॉयन्बी यांचे नाव त्यास दिले. तेथे रात्रीचे वर्ग चालत, व्याख्याने होत आणि चित्रांची प्रदर्शने भरत. आज प्रसिद्ध असलेली व्हाइटचॅपल आर्ट गॅलरी १९०१ साली बार्नेट दांपत्याच्याच खटपटीतून उभी राहिली.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. त्याच पूर्व लंडनात, स्टेपनी येथे, कष्टकरी मुलांसाठी हेलीबरी हाउस नावाचा एक क्लब होता. १९०५ साली एक सुखवस्तू घरातील तरुण वकील सहज म्हणून तेथे गेला, पुढे तेथेच राहून क्लबाचा व्यवस्थापक झाला आणि या अनुभवाने त्याची राजकीय मते पार बदलून गेली. १९१० साली त्याने टॉयन्बी हॉलचे चिटणीसपदही सांभाळले. हा तरुण म्हणजे क्लेमेंट अ‍ॅटली. १९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधानपदी तोच होता. युवक केंद्रात येणारी मुले सुधारतात, असे आपण म्हणतो; तेथे शिकवावयास जाणाराही कसा घडतो, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस आठवत नाही.

टॉयन्बी हॉल पाहून भारावून गेलेल्या जेन अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन युवतीने आपली मैत्रीण एलेन गेट्स स्टार हिच्यासह १८८९ साली शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाउस उघडले. ती वस्ती परदेशांतून आलेल्यांची होती. इटालियन, ग्रीक, पोलिश, बोहेमियन, रशियातून आलेले ज्यू असे सगळे तेथे एकमेकांस चिकटून राहत. हल हाउसने लहानांसाठी बालवर्ग काढला, मुलांसाठी व्यायामशाळा व क्रीडांगण केले, काम करणाऱ्या मुलींना एकत्र राहता यावे अशी सोय लावली, संगीतशाळा व नाट्यगृह चालविले. सनईच्या जातीचे क्लॅरिनेट हे वाद्य वाजविण्यात पुढे जगप्रसिद्ध झालेला बेनी गुडमन हा एका गरीब शिंप्याचा मुलगा. लहानपणी तो हल हाउसच्या बँडमध्ये होता.

जेन अ‍ॅडम्स यांनी १९०९ साली शहरातील तारुण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यातील मुख्य मुद्दा असा की, आधुनिक शहराने तरुणांचे श्रम कारखान्यात गोळा करण्याची व्यवस्था चोख लावली, परंतु त्यांच्या खेळण्याची व आनंदाची व्यवस्था मात्र नफेखोरांवर सोपविली. शंभराहून अधिक वर्षे लोटली. दारूच्या गुत्त्याच्या जोडीला आज खिशातला दूरध्वनी आला आहे. मुद्दा मात्र शिळा झालेला नाही.

हल हाउसच्या सर्व उपक्रमांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९०० साली सुरू झालेला श्रम-संग्रहालयाचा. आपल्यासारख्या, परमुलखात रुजलेल्या लोकांनी तो विशेष लक्षपूर्वक पाहावा. झाले होते असे की, परदेशांतून आलेल्या आईबापांची मुले अमेरिकन शाळेत जात, इंग्रजी बोलू लागत आणि घरच्या माणसांची त्यांना लाज वाटू लागे. आईची ओढणी गावंढळ, बापाची भाषा हास्यास्पद. दुसरीकडे त्या आया सूत कातण्यात व विणण्यात अत्यंत निपुण होत्या. पण शिकागोत त्या कसबाला कोण पुसतो? अ‍ॅडम्स यांनी या स्त्रियांना दर शनिवारी सायंकाळी आपले चरखे, चात्या व माग घेऊन बसविले आणि हातचातीपासून कारखान्याच्या यंत्रापर्यंत सूतकताईचा प्रवास कसा झाला, तो लोकांना प्रत्यक्ष दाखविला.

त्यांच्या आत्मचरित्रात एका इटालियन मुलीची हकीकत आहे. ती पाकशास्त्राच्या वर्गाला येई आणि तिची आई संग्रहालयात सूत कातावयास येई. पण आईबरोबर कोणी पाहू नये म्हणून मुलगी मुद्दाम दुसऱ्या दाराने आत शिरे. एके दिवशी आईभोवती शिक्षणशास्त्राचे विद्वान जमून तिच्या हाताचे कौतुक करताना मुलीने पाहिले. तिने अ‍ॅडम्सबाईंना विचारले, माझी आई खरेच एवढी कुशल आहे काय? बाईंनी तिला तिच्या आईचे मूळ गाव, तेथले जीवन आणि ते सोडून येण्यात आईने काय काय गमावले, ते समजावून सांगितले. त्यानंतर ती मुलगी आईच्याच दाराने येऊ लागली.

मॉरिशसमधील किती मराठी घरांत अशी दोन दारे आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता नागपाडा. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागो विद्यापीठात शिकलेले अमेरिकन गृहस्थ १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईस आले. १९२७ साली त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस, म्हणजे अक्षरशः शेजारघर, सुरू केले. नागपाडा ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा सर्वांची दाट वस्ती, कामाठीपुऱ्याला लागून असलेली. शेजारघराचे दार या सर्वांना सारखेच खुले होते. खेळ, वाचनालय, रात्रीचे वर्ग, दवाखाना, व्याख्याने असे त्याचे काम होते. दोनच वर्षांनी, १९२९ साली, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा उसळला. अशा शहरात वेगवेगळ्या धर्मांची पोरे एका चेंडूमागे धावत, ही गोष्ट कागदावर वाटते तितकी लहान नाही.

मुंबईला हे काम अगदीच नवे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ सालीच सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली होती. त्याच्याही आधीपासून, रत्नागिरीहून गिरणगावात आलेला मनुष्य आपल्या गावकीच्या खोलीत वर्गणी देऊन राही; दहा-पंधरा गाववाले एका खोलीत, पाळीपाळीने झोपत. आपल्या पूर्वजांचे चुलतभाऊच ते! एकाने गिरणीची वाट धरली, दुसऱ्याने जहाजाची. गिरणगावात गावकीची खोली झाली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत बैठका झाली. दिवसभर राबून आलेले लोक रात्री बैठकेत जमत, मुलांना अक्षरे शिकवीत, पोथी वाचीत, भजन म्हणत, तंटे मिटवीत. त्यांना टॉयन्बी हॉलचे नावही ठाऊक नव्हते आणि त्यांच्यापाशी कोणी विद्यापीठाचा पदवीधर राहावयास आलेला नव्हता.

नागपाड्याच्या शेजारघराची दोन फळे ठळकपणे दिसतात. एक म्हणजे समाजकार्याचे शिक्षण. केवळ सदिच्छेने वस्तीत काम होत नाही, त्यास प्रशिक्षित माणसे लागतात, हे मॅन्शार्ट यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांस पटविले आणि १९३६ साली नागपाड्यातच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली शाळा. १९४४ साली तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले आणि १९५४ साली ती देवनारला गेली. दुसरे फळ म्हणजे बास्केटबॉल. हा अमेरिकन खेळ नागपाड्याच्या गल्ल्यांत असा काही मुरला की, मुंबईत बास्केटबॉल म्हटले की नागपाडा, असे समीकरण झाले. भारताचे नेतृत्व केलेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुंतसिर हे याच मोहल्ल्याचे.

अशा संस्था मरतातही, हे सांगितले पाहिजे. १९६३ साली विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी हल हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या. मूळ वास्तू संग्रहालय म्हणून राहिली. संस्थेने इतरत्र काम चालू ठेवले, पण ते उत्तरोत्तर सरकारी पैशावर विसंबत गेले आणि तो आटताच, २०१२ सालच्या जानेवारीत, तिचे दार बंद झाले. टॉयन्बी हॉल मात्र व्हाइटचॅपलमध्ये आजही काम करीत आहे.

आपल्याकडे सरकारी युवक केंद्रे आहेत, आणि मराठी मंडळ्यांची सभागृहेही आहेत. सभागृहांविषयी थोडे स्पष्ट लिहावयास हवे. गणेश चतुर्थीच्या दिवसांत ती गजबजतात. एरवी कित्येक संध्याकाळी कुलूप असते आणि किल्ली एखाद्या साठी उलटलेल्या पदाधिकाऱ्याच्या घरी असते. त्या गृहस्थांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. परंतु सतरा वर्षांच्या मुलाने किल्ली मागण्यास त्यांच्या दारी जावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. हल हाउसमध्ये मुलांचे क्लब आपले कारभारी स्वतः निवडीत, भांडत, हिशेब चुकवीत आणि पुन्हा जुळवीत. हिशेब चुकण्याची ही मुभा आम्ही आपल्या मुलांस देतो काय?

आरंभ मोठा असण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी सभागृह उघडावे. एका कोपऱ्यात गृहपाठाला मदत, अंगणात खेळ. भाषा मराठीच हवी, हा आग्रह पहिल्या दिवशी नको. मुले क्रेओलमध्येच बोलणार, बोलू द्यावे. महिन्यातून एका शनिवारी गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना बोलवावे आणि कोकणात जिला जाखडी म्हणतात ती आपली झाकरी त्यांच्याकडून शिकावी. पावले, ढोलकीचा ठेका, गाण्याचे शब्द, सारे काही. एखाद्या मुलाने ते टिपून ठेवावे, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित करावे. आजीला व्यासपीठावरील खुर्ची देऊ नये, मध्यभागी उभे करावे. किल्ल्या दोन करून घ्याव्या. त्यांपैकी एक मुलांनी निवडलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे असावी.