माळव्याचा कातळ, हिमालयाचा बर्फ

इंदूरच्या नैर्ऋत्येला सुदामानगरात घराचा पाया खणायला घेतला की आधी काळी माती लागते, मग पिवळसर मुरूम आणि त्याखाली पहार उडवून लावणारा काळा कातळ. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. मुरूम हा त्याच लाव्ह्याचा कुजलेला भाग आणि काळी माती ही त्या कुजण्याची शेवटची अवस्था. ज्वालामुखीचा मुलूख पायी पाहायला लोक आइसलँड, हवाई, इंडोनेशिया गाठतात. या वस्तीतला माणूस मात्र दाराबाहेर पाऊल टाकतो तेच अशा मुलखात. ते त्याच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण ज्वालामुखी म्हटले की शाळेच्या पुस्तकातला, माथ्याला भोक असलेला शंकू डोळ्यांपुढे येतो आणि माळव्याच्या सपाट पठारावर तसे काही दिसत नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे, तिथल्या भूगर्भातल्या तप्त जागेवरून तो जात असताना जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला. त्याने डोंगर रचला नाही. तो पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक थर थिजायचा, त्यावर कधी माती धरायची, झाडे उगवायची, तळी साचायची आणि मग पुन्हा लाव्हा. बहुतेक सारा उद्रेक दहाएक लाख वर्षांत आटोपला. आज हा दगड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरांवर उरला आहे. सह्याद्रीत त्याची एकूण जाडी 2 किलोमीटरच्या घरात जाते, माळव्यात ती बरीच कमी आहे.

या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ट्रॅप हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आणि डोंगर चढणाऱ्याच्या गुडघ्यांना तो चटकन पटतो. लाव्ह्याच्या प्रत्येक प्रवाहाचा तळचा आणि मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून दगड जाळीदार होतो. घट्ट भाग उभा तुटतो, त्याचा कडा होतो. जाळीदार भाग झिजतो, त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, असा हा जिना पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजता येतो.

इंदूरकरांना हा जिना सर्वांत जवळ भेटतो तो महूच्या पुढे, पातालपाणीला. पठारावरून येणारी चोरल नदीच्या खोऱ्यातली धार इथे एकाएकी खाली कोसळते, आणि धबधब्याच्या दोन्ही अंगांना लाव्ह्याचे थर कापलेल्या केकसारखे उघडे पडलेले दिसतात. इंदूर-खंडवा हा जुना लोहमार्ग याच घाटातून उतरत असे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपयांचे कर्ज दिले होते आणि 1870 च्या दशकात तो बांधून झाला. पातालपाणी ते काळाकुंड हा सुमारे साडेनऊ किलोमीटरांचा टप्पा, बोगद्यांसकट, काळा कातळ फोडून केलेला आहे. मीटरगेजच्या या टप्प्यावर डिसेंबर 2018 मध्ये हेरिटेज गाडी सुरू झाली. काळाकुंडच्या फलाटावर पानाच्या द्रोणात मिळणारा कलाकंद हा या वाटेवरच्या कित्येक पिढ्यांचा नेम आहे.

पातालपाणीची दुसरी ओळखही सांगितलीच पाहिजे. घट्ट कातळ पाणी मुरू देत नाही. वर पठारावर पाऊस झाला की ते सगळे पाणी थोड्या वेळात कड्याशी येते. खाली ऊन असले तरी लोंढा येऊ शकतो. 2011 च्या पावसाळ्यात प्रवाहात उभे असलेले पर्यटक असेच वाहून गेले. ज्वालामुखीच्या मुलखात चालणाऱ्याने कातळाचा हा स्वभाव सर्वांत आधी शिकायला हवा. ओल्या दगडावरचे शेवाळ आणि वरच्या अंगाला दाटलेले ढग, या दोन गोष्टींपुढे महागड्या बुटांचे काही चालत नाही.

आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरच्या बाजूला जानापाव लागतो. चंबळेचा उगम इथला मानतात, परशुरामाचे जन्मस्थान म्हणूनही त्याची ख्याती आहे आणि कार्तिक पौर्णिमेला माथ्यावर जत्रा भरते. माथ्यावरचे कुंड म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड, असे इंदुरात सर्रास सांगितले जाते. चढताना लक्ष ठेवले तर वेगळी हकीगत दिसते. वाटेवर एकाखाली एक प्रवाहांचे थर आहेत, शंकूच्या मुखाशी साचते तशी राख आणि खंगर यांची रास नाही. भोवतीचा मुलूख झिजून खाली गेला आणि हा डोंगर उभा राहिला, एवढे मात्र कुणालाही तिथे उभे राहून समजते. जानापाव लाव्ह्याचाच आहे; फक्त तो उकळून वर आलेला नाही, झिजण्यातून उरलेला आहे. ही समजूत बदलली तर डोंगराचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

महूहून मंडलेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर विंध्याच्या अगदी कडेला जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीत, 1791 मध्ये, तो बांधला गेला. दरवाजाच्या सज्जातून खाली निमाड पसरलेला दिसतो. पठार आणि नर्मदेचा काठ यांच्यात सुमारे 400 मीटरांचा फरक आहे. माळव्याची थंड हवा मागे राहते आणि कपाशीच्या शेतांवरची ऊब अंगावर येते. हा उतार पायी उतरून महेश्वर गाठणे हा इंदुराजवळचा उत्तम दोन दिवसांचा बेत आहे. महेश्वरजवळ सहस्रधारेला नर्मदा काळ्या कातळाच्या भेगाभेगांतून शेकडो धारांनी वाहते आणि लाव्ह्यावर पाणी कसे काम करते ते हाताच्या अंतरावर बघायला मिळते.

याच पट्ट्यात, धार जिल्ह्यात बाग आणि कुक्षीच्या परिसरात, लाव्ह्याखालच्या थरांत डायनोसॉरची घरटी सापडतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली. लाव्हा येण्याआधीच्या जमिनीचे ते शेवटचे पान आहे. उलट दिशेला, देवास जिल्ह्यातल्या कावडिया पहाडावर लाव्ह्याचे दुसरे रूप आहे. थिजताना आकसलेल्या दगडाचे इथे बहुकोनी खांब झाले आहेत, कुणी वखारीत लाकडे रचावीत तसे ढीगच्या ढीग. दगडाने ठोकले तर काही खांब धातूसारखे वाजतात. गावकरी त्यांचा संबंध भीमाशी लावतात.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन ज्वालामुखीच्या मुलखातून चालणे ही या प्रदेशाला नवी गोष्ट नाही. नर्मदा परिक्रमा हेच त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत खडतर रूप. शास्त्राप्रमाणे ती 3 वर्षे, 3 महिने, 13 दिवसांची. पडशीत एक घोंगडी, कमंडलू, जेमतेम शिधा. वाटेतल्या गावांत सदावर्त. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने मराठी घरांना या वाटेची ओढ लावली. ओझे कमी ठेवण्याची जी शिस्त आजचे ट्रेकर ग्रॅमग्रॅमचा हिशेब करून शिकतात, ती परिक्रमावासी पहिल्या आठवड्यातच खांद्याच्या दुखण्यातून शिकतात.

माळव्यातला जिना चार-सहा पायऱ्यांचा, सह्याद्रीतला डझनावारी पायऱ्यांचा. 1,646 मीटरांचे कळसूबाई, 1,567 मीटरांचा साल्हेर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सारे त्याच लाव्ह्याचे. दोन प्रवाहांच्या मध्ये ठिकठिकाणी विटकरी रंगाचा मऊ थर दिसतो. मधल्या शांततेच्या काळात झालेली ती माती, वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. हा थर झिजला की कपारी पडतात आणि आडव्या वाटा तयार होतात. पाणीही बहुधा अशाच सांध्याशी पाझरते. गडांवरची टाकी कुठे खोदायची, तासलेला कडा कुठे तट म्हणून पुरेल, हे ठरवणाऱ्या जुन्या पाथरवटांना लाव्ह्याचे शास्त्र ठाऊक नसेल, दगडाची जात मात्र पुरती ठाऊक होती. बुडबुड्यांच्या पोकळीत साचलेली गारगोटी आणि शुभ्र झिओलाइटचे स्फटिक याच वाटांवर उन्हात चमकतात.

इथे तयार झालेले पाय हिमालयाच्या बर्फाला निम्मेच उपयोगी पडतात. दम टिकतो, तोल टिकतो. बाकीचे नव्याने शिकावे लागते. सह्याद्रीत शत्रू उष्णता, तहान आणि घसरडा मुरूम. कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडतो, म्हणून माणशी तीन-चार लिटर पाणी आणि पहाटेची चाल. हिमालयात तहान लागत नाही आणि तरीही प्यावे लागते. माळव्यात सुती सदरा उत्तम. बर्फात तोच घामाने भिजून अंग गोठवतो, त्यामुळे आत घाम सोडणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारे आवरण अशी घडी करावी लागते. दशम्या, सातूचे पीठ, चिक्की आणि इंदुरी शेव मात्र दोन्हीकडे चालतात.

भूशास्त्राच्या दृष्टीने या दोन वाटा एकाच प्रवासाच्या आहेत. लाव्हा ओतला गेला त्या सुमारास भूखंड वर्षाला 15 सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे फार वेगाने, उत्तरेला चालला होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर आला आणि हिमालय झाला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगडसुद्धा समुद्रात साचलेला चुनखडक आहे. सुदामानगराशेजारच्या अन्नपूर्णा मंदिरातल्या देवीचे नाव धारण करणारे नेपाळमधले 8,091 मीटरांचे शिखर त्याच समुद्राच्या गाळाचे. त्याच्या पश्चिमेच्या काली गंडकीत शाळिग्राम मिळतात. ते समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत. मराठी घरातल्या पंचायतनात महादेवाचा बाण नर्मदेचा आणि विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा. ताम्हनात दोघांना शेजारी ठेवून रोज पाणी घालणाऱ्या घरांत लाव्ह्याच्या मुलखातली नदी आणि उचललेला समुद्रतळ पिढ्यानपिढ्या एकत्र नांदत आहेत.

माळव्यातून बर्फाकडे माणसे आधी गेली ती यात्रेसाठी. बद्री-केदारच्या वाटेवर अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या. हौसेची डोंगरवाट पुढे आली. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 मध्ये स्थापन झाली, आणि यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सार पाससारख्या मोहिमांमुळे मध्यमवर्गीय मराठी मुलामुलींनी कमी खर्चात पहिला बर्फ पाहिला. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. 2012 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिथे आपला संघ नेला. मध्य प्रदेशातून मेघा परमार आणि भावना डेहरिया यांनी 2019 मध्ये तो माथा गाठला.

नवख्यांची सर्वांत लाडकी बर्फवाट आज केदारकंठा ही आहे. डेहराडूनहून दिवसभराच्या मोटारप्रवासाने सांकरी गाव येते. तिथून देवदार आणि पाइनच्या जंगलातून जुडा का तालाबपर्यंत चढ, मग तळमुक्काम, आणि शेवटच्या रात्री अंधारातच माथ्याकडे कूच. माथा सुमारे 3,800 मीटरांवर आहे. इंदूर साडेपाचशे मीटरांवर. चार-पाच दिवसांत हा फरक अंगावर घ्यायचा, आणि माथ्यावर दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. 3,000 मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरांपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा डॉक्टरांचा नियम. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली खूण. ती असताना वर जायचे नाही. चाल अडखळू लागली, बोलणे भरकटले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचे. धडधाकट तरुणही यातून सुटत नाहीत. उलट वेगाने चढण्याच्या ईर्षेमुळे तेच आधी सापडतात.

बर्फावरचे चालणे डोळ्यांनी नाही, आवाजाने कळते. पहाटे गोठलेला बर्फ बुटाखाली करकरतो. त्यात टाच किंवा चवडा ठोकून पायरी करावी लागते आणि बुटांना काटेरी साखळी बांधावी लागते. उन्हे आली की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. यासाठीच माथा सकाळी लवकर गाठून परतायचे असते. 30 ते 45 अंशांचा उघडा उतार, वर नुकताच साचलेला बर्फ, वरून चढत जाणारे ऊन, हे तिन्ही एकत्र आले की हिमलोटाचा धोका मोठा. जंगलातली आणि कण्यावरची वाट त्यामानाने बरी. काळा चष्मा विसरला तर बर्फावरून परावर्तित झालेले ऊन रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग करते. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचे, पण त्याच्या फार जवळ जायचे नाही.

लाव्हा आणि बर्फ एकाच पायाखाली हवे असतील तर काश्मीर आहे. पीर पंजालच्या रांगेत आणि खोऱ्याच्या कडेने ‘पंजाल ट्रॅप’ नावाचे थर आहेत. माळव्याच्या लाव्ह्याहून कितीतरी जुने, सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीचे. टकरीत ते वाकले, पिचले, हिरवट पडले, त्यामुळे इथला नीट रचलेला जिना तिथे दिसत नाही. हिवाळ्यात ते बर्फाखाली असतात. मे-जूनमध्ये बर्फ वरवर सरकत जातो, आणि वाटेच्या कडेला खालचा कातळ पहिल्यांदा उघडा पडतो तेव्हा ओला, काळसर, भोकांत पांढरे खडे भरलेला दगड पाहून माळव्याच्या माणसाला त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही.