परकी कंपनी येते तेव्हा काय विचारावे?

परदेशी कंपनी आली की नोकऱ्या वाढतात की जातात, असा प्रश्न आम्हाला वस्तीतील तरुण नेहमी विचारतात. त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. ते आमच्यापाशी नाही. म्हणून आम्ही दोन कारखान्यांची हकीकत सांगतो.

१९८९ साली पूर्व युरोपातील एकपक्षीय राजवटी कोसळल्या. तोवर कारखाने सरकारचे, भाव सरकारने ठरवलेले आणि नोकरी जन्मभराची. मग बाजाराची पद्धत आली. यंत्रे जुनी, तिजोरी रिकामी. कामगारांचे हात मात्र कसबी आणि पगार कमी. तिथे परदेशी भांडवल आले. शेअर बाजारातला पैसा सकाळी येतो, संध्याकाळी जातो. थेट गुंतवणुकीत मात्र कंपनी कारखान्यात हिस्सा घेऊन स्वतः कारभार पाहते. तिला सहज उठून जाता येत नाही. म्हणून ती आधी तिथला कायदा, न्यायालय, कर, वीज, रस्ते सारे पारखून घेते.

पहिला कारखाना हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील. टंगस्रॅम ही १८९६ सालची विजेचे दिवे बनवणारी नामांकित कंपनी. १९८९ च्या अखेरीस अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने १५ कोटी डॉलर मोजून तिचा निम्म्याहून किंचित अधिक हिस्सा घेतला. नवी यंत्रे आली, माल सुधारला. पण पहिल्या काही वर्षांतच जवळजवळ निम्मे कामगार कमी झाले. पुढे एलईडी दिव्यांनी जुन्या बल्बचा बाजार खाल्ला. २०१८ साली अमेरिकन कंपनीने हा धंदा विकला आणि २०२२ मध्ये टंगस्रॅमचे दिवाळे निघाले.

दुसरा कारखाना चेकोस्लोव्हाकियातील म्लादा बोलेस्लाव्ह या गावचा, स्कोडा मोटारींचा. तो घेण्यासाठी फ्रान्सची रेनॉ आणि जर्मनीची फोक्सवॅगन यांच्यात चुरस होती. कामगारांच्या युनियनचा कौल फोक्सवॅगनला होता. १९९१ साली करार झाला, पण सरकारने कारखाना एकदम विकला नाही. आधी सुमारे ३० टक्के हिस्सा दिला, १९९५ पर्यंत तो ७० टक्के झाला आणि २००० साली पूर्ण मालकी गेली. मध्यंतरी १९९३ मध्ये फोक्सवॅगनने कबूल केलेल्या गुंतवणुकीत हात आखडता घेतला. तेव्हा सरकार स्वतः भागीदार असल्याने पुन्हा बोलणी करू शकले. स्कोडाचे नाव आणि नव्या मोटारी आखणारा विभाग गावातच राहिला. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास मोटारी बनत होत्या; २०१४ मध्ये कंपनीने एका वर्षात १० लाखांचा टप्पा ओलांडला. २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातही याच स्कोडाचा कारखाना सुरू झाला.

आम्ही हिशेब लिहिणारी माणसे, म्हणून जमेची आणि खर्चाची अशा दोन्ही बाजू मांडतो. मोटारीला गिऱ्हाईक राहिले, बल्बचे गेले. त्याचा दोष केवळ कराराला देता येणार नाही. स्कोडाचा नफा आता जर्मन मालकाकडे जातो, हेही खरे. तरीही एक फरक उरतोच. एकीकडे कारभाराची किल्ली एका फटक्यात परक्या हाती गेली. दुसरीकडे हिस्सा टप्प्याटप्प्याने दिला गेला आणि कामगारांच्या म्हणण्याला वजन राहिले.

तेव्हा तरुण मित्रांनो, कंपनी कुठल्या देशाची, यावर पारावर भांडत बसू नका. कायम कामगार किती आणि कंत्राटी किती, शिकवून तयार कोण करणार, दिलेला शब्द मोडला तर जाब कोण विचारणार, हे विचारा. आणि मिळालेले उत्तर कागदावर लिहून मागा. नोकरी एकाची जाते, पण त्याची झळ घरातल्या प्रत्येक ताटाला लागते.