माशाला चहाचा सुगंध

सकाळी मातीच्या पेल्यातला चहा आणि दुपारी मासे-भात, या दोन गोष्टींवाचून कोलकात्याचा दिवस पुरा होत नाही. माणिकतल्ला किंवा गडियाहाटच्या बाजारात मासा पारखून घेणारा बंगाली गृहस्थ चहाची पत्तीही तितक्याच चोखंदळपणे निवडतो. भारतातला चहाचा पहिला लिलाव याच शहरात २७ डिसेंबर १८६१ रोजी झाला आणि टी बोर्डाचं मुख्य कार्यालयही इथंच आहे. तरीही स्वयंपाकघरात चहा आणि मासे यांची गाठ क्वचितच पडते.

माशाला चहा? नाक मुरडण्याआधी पंजाबी छोले आठवा. चहाच्या पाण्यात शिजवलेले काळसर छोले आपण मिटक्या मारत खातोच की!

धुराची जुनी ओळख

इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या साहेबलोकांना हिलसा, म्हणजे आपल्याकडचा पाला, फार आवडला. मात्र त्यातल्या केसासारख्या काट्यांनी ते बेजार झाले. मग क्लबांमध्ये आणि अँग्लो-इंडियन घरांमध्ये काटे काढलेला, धुरावर मुरवलेला 'स्मोक्ड हिलसा' मानाचा पदार्थ ठरला. हा धूर निखाऱ्यावर टाकलेल्या चुरमुऱ्यांचा आणि गुळाचा.

चीनमध्येही धुरी देण्याची अशीच पद्धत आहे. कढईत तांदूळ, साखर आणि चहापत्ती तापवून त्या धुरावर बदक किंवा मासा ठेवतात. सेचवान प्रांतातलं चहाच्या धुरावरचं बदक तर प्रसिद्धच आहे. दोन्हीकडे तांदळाचा आणि साखर-गुळाचा धूर! बंगाली धुरीत फक्त चमचाभर चहापत्तीची भर घालायची, एवढंच.

जपानमध्ये वेगळी रीत आहे. तिथं सार्डिनसारखे मासे बांचा नावाच्या साध्या चहाच्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात. भातावर खारवलेल्या माशाचा तुकडा ठेवून वरून गरम चहा ओतायचा, हा 'ओचाझुके' तर तिथला घरगुती पदार्थ.

वास का कमी होतो?

समुद्री माशाचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. ते अल्कधर्मी असल्यामुळे कोकम, चिंच, लिंबू अशा आंबटाने दबतं. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कोकम मात्र त्या नेमकं घालत. चहा फारसा आंबट नसतो. त्यातली कॅटेचिनं हा वास कमी करतात. मात्र चहा जास्त उकळला की टॅनिन उतरतं आणि रस्सा तुरट होतो. चहातले मासे फसतात ते बहुधा इथंच.

कोणती पत्ती कशासाठी?

दार्जिलिंगची महागडी पत्ती धुरीत जाळू नये. भौगोलिक मानांकन मिळालेलं ते भारतातलं पहिलं उत्पादन. त्याचा नाजूक सुगंध आगीत टिकत नाही. धुरीला आसाम किंवा डुआर्सची साधी पत्ती पुरते. दार्जिलिंग वापरायचाच तर उकळी बसलेल्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून गाळावा. त्यात मीठ, आल्याचा रस आणि लिंबाचे थेंब घालून वाफवलेल्या मासे-भातावर ओतावा.

करून पाहा

पहिला प्रयोग हिलशावर नको. तो महाग असतो आणि बिघडला तर जीव हळहळतो. शिवाय २३ सेंटीमीटरपेक्षा लहान हिलसा पकडायला आणि विकायला पश्चिम बंगालमध्ये बंदी आहे, कारण पिल्लंच संपली तर उद्या मासा कुठून येणार? कोलकात्याची लाडकी भेटकी, म्हणजे आपला जिताडा, या प्रयोगाला उत्तम. बांगडाही चालेल.

चार तुकड्यांना मीठ, हळद आणि थोडी मोहरीची पूड लावून वीस मिनिटं ठेवा. मग आठ-दहा मिनिटं वाफवून पूर्ण शिजवा आणि कोरडे पुसून घ्या. लोखंडी कढईत अॅल्युमिनियमची पातळ फॉइल पसरून त्यावर दोन चमचे तांदूळ, दोन चमचे चहापत्ती आणि एक चमचा गूळ घाला. वर जाळी ठेवून तिला तेलाचा हात लावा. धूर निघू लागला की तुकडे जाळीवर मांडा, घट्ट झाकण लावा आणि आच मंद करा. सहा-सात मिनिटांनी गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकूनच ठेवा. मासा सोनेरी-तपकिरी दिसेल. जास्त वेळ धुरी दिली तर तो कडवट होतो.

नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा. मासा ताजाच हवा. धुराचा वास शिळेपणा झाकतो, पण घालवत नाही. घरच्या या धुरीने मासा टिकाऊही होत नाही, तेव्हा तो त्याच जेवणात संपवावा.

सोबत गरम भात, कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड पुरे. झणझणीत रश्श्याची सवय असलेल्यांना पहिला घास थोडा सौम्य वाटेल. पण माशाच्या वासामुळे ताटावरून उठणारं एखादं मूल घरात असेल, तर त्याच्या पानात हा तुकडा अवश्य वाढून बघा.