कादंबरीतलं विडंबन हसवतं कसं?

विडंबन म्हटलं की आपल्याला अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवतात. ती कवितेची विडंबनं. आज कादंबरीकडे वळू.

सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली आला. नायक पन्नाशीचा, गावातला एक गृहस्थ. वीरांच्या अद्भुत कथा वाचून वाचून डोकं फिरलेला. त्याला पवनचक्क्या राक्षस वाटतात, न्हाव्याचं पितळी भांडं सोन्याचं शिरस्त्राण वाटतं.

आता हसू कशाचं येतं? नुसत्या वेडाचं म्हणावं, तर वेड पाहून कीवही येऊ शकते. गंमत आहे ती त्याच्या बोलण्यात. ते अस्सल वीरकथेतलं, भारदस्त. भाषा तीच ठेवायची आणि समोर वस्तू भलतीच आणायची! वाचकाला राक्षस आणि पवनचक्की एकदमच दिसतात, मेळ बसत नाही, आणि हसू फुटतं.

यासाठी लेखकाला मूळ कथा मुरलेली लागते. टवाळी न वाचताही करता येते, विडंबन नाही. नायकाची पुस्तकं जाळताना 'आमादिस' हे त्या प्रकारातलं उत्तम पुस्तक वाचवलं जातं, ते उगीच नव्हे.

दुसऱ्या भागात, १६१५ साली, नायक मरणाच्या दारात शहाणा होतो. सोबती सांचो रडत विनवतो, उठा, पुन्हा निघू. आणि ज्या वेडाला आपण हसलो, ते परत यावं असं आपल्यालाही वाटू लागतं. चांगलं विडंबन ज्याला हसतं, त्याच्यावर त्याचा जीवही असतो.