एक्सप्लेनर : रूळ निजामाचे, जंक्शन भारताचे! १९४८ मध्ये हिंगोलीची रेल्वे कशी कोंडीत सापडली?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हिंगोली हैदराबाद संस्थानातच राहिली. पूर्णा-हिंगोली हा १९१२ चा मीटरगेज फाटा तेव्हा हिंगोलीतच संपायचा; पुढे वाशीम-अकोल्याकडे रूळच नव्हते. रेल्वेने मुंबई गाठायची तर पूर्णा, परभणी, जालना करत मनमाड. आणि मनमाड भारतात!

तिथे काय अडायचे? निजामाचे मीटरगेज मनमाडला संपे आणि पुढे ब्रॉडगेज. प्रवासी गाडी बदलत. मालाचे मात्र प्रत्येक पोते एका वॅगनमधून दुसरीत चढवावे लागे. त्यामुळे कोंडी करायला रूळ उखडायची गरजच नव्हती.

नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार कागदावर राहिला. १९४८ मध्ये भारताने संस्थानाची नाकेबंदी केली. औषधेही अडवली जातात, अशी संस्थानाची तक्रार होती. दुसरीकडे, २२ मे १९४८ ला संस्थानाच्या हद्दीतून जाणाऱ्या मद्रास-मुंबई मेलवर गाणगापूर स्थानकात रझाकारांनी हल्ला केला.

१३ सप्टेंबरला सैन्य घुसले, १७ ला निजाम शरण आला. त्यांची रेल्वे मध्य रेल्वेत आली ती थेट ५ नोव्हेंबर १९५१ ला. हिंगोलीहून अकोल्याकडे रूळ पडायला त्यानंतरही काही वर्षे गेली.