“मावशी, समुद्राचं आहे ना?”

रविवारी लक्ष्मीपुरीच्या मासळी बाजारात हा प्रश्न हमखास कानी पडतो. उत्तरही ठरलेलं : “व्हय की ताई, रत्नागिरीचं हाय.” आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या, लेखीही समुद्राचा तोच मासा. तळ्यातला म्हणजे चिखलाचा. घरात रोहू आला की त्या जेवायला आमटी मागतात.

गंमत अशी, की ज्या कोळंबीच्या बिर्याणीचं त्या तोंड भरून कौतुक करतात, ती कोळंबी बहुतेक वेळा तळ्यातच वाढवलेली असते. व्हनामी ही मूळची अमेरिकेकडची जात. आपल्या देशात २००९ पासून तिला परवानगी मिळाली. (कोळंबी खावी की नाही, हा हनफी-शाफई मतभेद वेगळा.) २०२२-२३ मध्ये देशात सुमारे १७५ लाख टन मासळी निघाली, त्यातली समुद्राची फक्त ४४ लाख टन. बाकीची तळी, नद्या आणि धरणांची.

चिखलाचा वास मात्र निव्वळ समजूत नाही. तळ्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते मांसात मुरतं. विकण्याआधी मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला, तर वास जातो. घरी चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून ठेवलं तरी कमी होतो.

उलट ‘समुद्राची’ सुरमई आधी बोटीवर, मग आंबा घाट चढताना बर्फात किती दिवस होती, हे कुणी विचारत नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हाही पाट्यांवर ‘ताजी’ सुरमई दिसते!

विचारायचं ते खाद्याबद्दल आणि औषधांबद्दल. थाई मांगूर कत्तलखान्याच्या घाणीवर वाढवतात आणि तो देशी मासेही फस्त करतो. २००० सालापासून त्याच्यावर बंदी आहे, तरी तो चोरून विकला जातो. घाण खाऊन वाढलेल्या जनावराला आधी काही दिवस स्वच्छ चाऱ्यावर ठेवावं, हे आपल्या फिक्हमध्येही आहे. प्रतिजैविकांचा अंश सापडला म्हणून आपली कोळंबी परदेशातून परत आल्याची उदाहरणं आहेत. आपल्या स्वयंपाकघरात तशी तपासणी कोण करणार? म्हणून ओळखीचा विक्रेता हवा, आणि माल कुठल्या तळ्याचा हे त्याला सांगता यायला हवं.

मागच्या रविवारी अम्मींनाच बाजारात नेलं. जवळच्याच तलावातला, सकाळी काढलेला रोहू होता. त्यांनी कल्ला उचलून पाहिला, लालभडक. मांस दाबलं, खळगा राहिला नाही. शेजारच्या पाटीतल्या सुरमईचे डोळे आत गेलेले. अम्मी काही बोलल्या नाहीत, पिशवी पुढे केली. घरी आल्यावर फक्त म्हणाल्या, “चिंच जरा जास्त घाल.”